लातूर सुटलं का?

माझ्या आईचा एक नियम होता आणि त्या नियमावर माझं लग्न अडलं होतं. लेक अशाच घरी द्यायची, की सकाळचा चहा आपल्या घरी पिऊन निघालं तर दुपारचं जेवण लेकीच्या घरी झालं पाहिजे. त्यापलीकडेही जग होतं, हे आईला मान्य होतं, पण तिथे तिला मुलगी द्यायची नव्हती. माझ्या मोठ्या बहिणीने हा पेपर पैकीच्या पैकी मार्क घेऊन सोडवला होता. तिला दिली बदलापूरला, शिरगावात. आई अंबरनाथहून सकाळचा चहा पिऊन निघायची, दुसरा चहा बहिणीकडे प्यायची आणि वर तिलाच चार कामं सांगून जेवायला घरी परत यायची. मी मात्र जो शोधला तो नांदेडचा निघाला.

या नियमाची आम्ही बहिणी भरपूर टिंगल करायचो, पण आईच्या पाठीमागे. कारण नियम कुठून आला ते आम्हाला ठाऊक होतं. आई लग्न करून विदर्भातून इकडे आली. तिची आई गेल्याची तार आली तेव्हा ती होती तशी निघाली, गाडी बदलली, एसटी बदलली, आणि पोचली तेव्हा सगळं आटोपून अंगण सारवून झालं होतं. तिने हे आम्हाला एकदाच सांगितलं, भाजी निवडताना, मान खाली घालून. नंतर विचारायची आमची हिंमत झाली नाही.

नांदेडचा मुलगा मला सापडला तो फोनवर. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. मी उल्हासनगर कॅम्पात एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचे. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, भिंतीवर ढगांतून निघालेल्या विमानाचं भलं मोठं पोस्टर आणि शेजारच्या गाळ्यातून दिवसभर जीन्स शिवणाऱ्या मशिनींचा घरघराट. सगळ्या देशातल्या विमानांच्या वेळा मला तोंडपाठ होत्या आणि मी स्वतः आयुष्यात जी सगळ्यात उंच गेले होते ती जत्रेतल्या पाळण्यात. आमचे सेठ सिंधी, गिऱ्हाईकं बहुतेक सिंधी, आणि त्यातली बरीचशी नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाणारी. त्या सुमारास मुंबईहून लातूरमार्गे नांदेडला पंख्याचं छोटं विमान जायला लागलं होतं. आमच्याकडे त्याची तिकिटं अशी खपायची की सेठ म्हणायचे, ये जहाज अपने कैंप वालों ने ही उड़ा रखा है।

विमान गेलं की घरच्यांचे फोन सुरू व्हायचे. आमचे दादा पोचले का, आमची भाभी उतरली का. मग मी लातूरच्या विमानतळावर फोन लावायचे आणि विचारायचे, “लातूर सुटलं का?” पलीकडून एक शांत आवाज म्हणायचा, “सुटलं.” महिनाभर आमचं एवढंच संभाषण होतं. एकदा एका म्हाताऱ्या सिंधी काकांनी टेबलावर कोपरं टेकून मला विचारलं, की लातूर ते नांदेड अंतर किती आणि वेळ किती, कारण त्यांना विमानात मध्येच औषध घ्यायचं होतं. वेळापत्रकात तर अर्ध्या तासाहून जास्त लिहिलं होतं. मी फोन लावला. तो म्हणाला, “हवेतून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वेळ पंचवीसेक मिनिटं. खरं सांगू का, वर जाऊन होईपर्यंत खाली यायची वेळ होते. काकांना म्हणावं, औषध लातूरलाच घ्या.”

मी हसले. तोही हसला. त्यानंतर लातूर सुटलं का हे विचारायला मला गिऱ्हाइकाची गरज उरली नाही. विमान सुटून तासभर झाल्यावरही मी विचारायचे. विमान नसलेल्या दिवशीसुद्धा एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, आज नाही, पण मी आहे. मी रिसीव्हर ठेवला आणि पुढच्या माणसाचं इंदूरचं तिकीट जयपूरचं काढलं.

तो नोकरीला लातूरच्या विमानतळावर, घर नांदेडला. दोनदा येऊन उल्हासनगरात आमच्या दुकानासमोर उभं राहून, मला बघून, माझ्यासोबत सिंध्यांचं दालपकवान खाऊन गेला होता. घरी सांगितलं तेव्हा बाकी काही अडचण नव्हती. तेही बौद्ध, आम्हीही बौद्ध, मुलगा शिकलेला, नोकरीचा, निर्व्यसनी. आईने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, नांदेडला पोचायला वेळ किती लागतो. रेल्वेने बारा तास म्हटल्यावर ती पोळ्या लाटायला उठली. विषय संपला.

विषय संपला नाही तो पप्पांमुळे. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर. जिथे तिथे मोजमाप. घरात नवीन पातेलं आलं तरी आधी त्याच्या कडेची जाडी बघायचे. त्यांनी माझा शाळेतला नकाशा काढला, आईच्या डब्यातला शिवणाचा दोरा घेतला, मुंबई ते लातूर ताणला, लातूर ते नांदेड ताणला आणि मोजून कागदावर आकडे मांडले. लातूर–नांदेड त्यांचं एकशे बावीस आलं. त्यावरून वेळ, तेवीस मिनिटं. मी माझ्या तिकिटांच्या अनुभवाने भर घातली आणि आम्ही बापलेकींनी आईसमोर कागद ठेवला. विमान पावणेअकराला सुटणार, बाराला लातूर, एकच्या आत नांदेड, दीडच्या आत ताटावर.

आईने कागद उलटा-सुलटा करून पाहिला. मग म्हणाली, “हे विमानाचं झालं. मला माझ्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत बघायचंय. आणि दोन वाजेपर्यंत. दोननंतरचं ते दुपारचं जेवण नाही, ती नुसती भूक असते.”

म्हणजे आई येणार होती. विमानात. मला इतका आनंद झाला की मी सेठना दुकानात शिरता शिरता सांगितलं. त्यांनी स्वतः खुर्चीत बसून आम्हा तिघांची तिकिटं काढली आणि म्हणाले, “बेटा, मम्मी को खिड़की देना। जिसने खिड़की से देख लिया, वो ना नहीं बोलता।” सेठना आई माहीत नव्हती.

जायच्या दिवशी सकाळी पप्पांनी पहिली लबाडी केली. चहा थर्मासमध्ये भरून घेतला आणि म्हणाले, विमानतळावर पोचून पिऊ या, तिथून नियम सुरू. दोन-अडीच तासांची बचत. आईने थर्मास उघडला, चहा परत पातेल्यात ओतला, गरम केला आणि ओट्याशी उभी राहून प्यायली. चहा घरचा म्हणजे घरात प्यायचा, असं तिने कप विसळताना सांगितलं. मग बुद्धवंदना झाली, कुलूप लागलं. सात वाजले होते.

मेहुण्यांच्या मित्राच्या गाडीने आम्ही मुंबईचं विमानतळ गाठलं तेव्हा सव्वानऊ झाले होते. आत शिरल्यापासून मी जी बोलत सुटले ती थांबेना. हा बोर्डिंग पास, ही सुरक्षा तपासणी, तो पट्टा, पप्पा बेल्ट काढा, आई बांगड्या राहू दे. दहा हजार वेळा फोनवर लोकांना सांगितलेलं सगळं पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते आणि असं दाखवत होते की मी इथेच वाढले. विमानाच्या शिडीवर मात्र मीच दोन्ही हातांनी कठडा धरला. आईने मागून दंडाला धरलं.

विमान वर गेलं. आईने डोळे मिटून माझा हात असा आवळला की तिच्या पाटल्यांचे वळ उमटले. तेवढ्यात पप्पा पुढे झुकून खिडकीतून बघत ओरडलेच, बारवी धरण, बारवी धरण. खाली खरंच हिरव्या डोंगरांत आमचं धरण पसरलं होतं, आणि अलीकडे कुठेतरी बदलापूर, त्याच्याअलीकडे अंबरनाथ, आमची बिल्डिंग, गच्चीवर वाळत घातलेले गहू. आईने एक डोळा उघडला. पप्पांनी घड्याळ बघून सांगितलं की सुटल्यापासून दहा मिनिटंही झाली नाहीत.

“म्हणजे सव्वादोन तास उलटं जाऊन आपण परत आपल्याच घरावर आलो?” आई म्हणाली. “मग गच्चीवरूनच चढवायचं होतं.”

मी इतकी हसले की हवाईसुंदरीने विचारलं, पाणी हवंय का. टॉफीचा ट्रे आला तेव्हा आईने शिरगावच्या नातवंडांसाठी मोजून चार घेतल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. बाराला पाच कमी असताना आम्ही लातूरला उतरलो. सगळं पप्पांच्या कागदाप्रमाणे चाललं होतं.

नांदेडवर ढग खाली आले होते. पावसाळा सरता सरता आलेले ढग. खालचं दिसत नाही तोवर विमान तिकडे नेता येत नाही, म्हणून आम्हाला उतरवून आत बसवलं. लातूरचं विमानतळ म्हणजे बदलापूरच्या एखाद्या मंगल कार्यालयाएवढं. खुर्च्या, एक पंखा, एक काउंटर, आणि काउंटरमागे टाय लावून तो. चार महिन्यांनी मी त्याला बघत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. त्या छोट्याशा हॉलमध्ये माइकची गरज नव्हती, पण पद्धत म्हणून तो माइक हातात घ्यायचा आणि आम्हा वीसेक माणसांना सांगायचा की नांदेडला जाणारं विमान हवामानामुळे आणखी पस्तीस मिनिटं उशिरा सुटेल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दिलगीर म्हणताना तो फक्त आईकडे बघायचा. आई मनगटावरच्या घड्याळाकडे. मी छताकडे. एका प्रवाशाने विचारलं, नांदेड असं कितीसं लांब आहे. तो म्हणाला, “हवेतून सव्वाशे किलोमीटर.” त्या आवाजाने मी एवढ्या दिवसांत किती खूश झाले होते, आणि आता तेच सव्वाशे किलोमीटर माझ्या जिवावर उठले होते.

पप्पा त्या काळात आकड्यांवर आकडे काढत होते. एकला सुटलं तर चालेल. सव्वाला सुटलं तरी चालेल, गाडी जोरात न्यायला सांगू. दीडला सुटलं तर जेवण विमानतळाच्या दारातच करायचं. मग त्यांना वाटलं एसटीने जावं, पण ती साडेतीन-चार तास घेते असं कळल्यावर त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. पावणेदोनला तो काउंटर सोडून आमच्याकडे आला. त्याच्या हातात त्याचा डबा होता. मोठे साहेब पलीकडेच उभे होते म्हणून असेल, त्याने आईला “मॅडम” म्हटलं.

“मॅडम, हा घरचाच डबा आहे. माझ्या आईच्या हातचा मसाला आहे यात. तुम्ही दोन घास खाऊन घ्या. वाजायचेत अजून दोन.”

पप्पांचा चेहरा उजळला. जावयाच्या डब्यातलं जेवण, सासूबाईंचा मसाला, दोनच्या आत. नियमात कुठेच अडत नव्हतं. मी तर डब्याची कडी उघडायलाच घेतली होती. आईने हात मधे घातला. म्हणाली, “तुम्ही खा. तुमचं पोट आहे, ड्यूटी आहे. जेवण घरी असतं.” आवाज कडक नव्हता, उलट मऊ होता, पण ती हलणार नव्हती. तो डबा घेऊन परत गेला आणि त्यानेही तो उघडला नाही.

दोन वाजले. आईने नुसतं सांगितलं, दोन वाजले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला राग आईचा आला नव्हता, ढगांचाही नाही. तार मिळूनही उशिरा पोचलेल्या माझ्या आईला तीस वर्षांनी कोणीतरी वेळेवर पोचवायला हवं होतं आणि मी, देशभराची तिकिटं काढणारी, तिला सव्वाशे किलोमीटर अलीकडे बसवून ठेवलं होतं.

सव्वातीनला त्याने माइक न घेताच सांगितलं, चला. शिडीपाशी तो प्रवासी मोजत उभा होता. मी शेवटची चढले. मी विचारलं, “लातूर सुटलं का?” तो हसला नाही. म्हणाला, “आता सुटतंय.”

त्याने म्हाताऱ्या काकांना सांगितलेलं अगदी खरं होतं. वर गेलो, टॉफी आली, टॉफी विरघळायच्या आत खाली. पप्पा पुटपुटले, चोवीस मिनिटं, मी तेवीस काढली होती. त्यांना आपला दोरा खरा ठरल्याचा आनंद लपवता येत नव्हता. आई खिडकीतून खाली बघत होती. आता डोळे सताड उघडे होते. खाली गोदावरी लाल पाणी घेऊन चालली होती आणि विमान घरांच्या पत्र्यांवरून इतकं खाली गेलं की अंगणातली माणसं वर बघताना दिसली.

रिक्षाने त्यांच्या दारात पोचलो तेव्हा चारला पाच मिनिटं झाली होती. घर बैठं, दारात चिंच, आत भिंतीवर आमच्याच घरातल्यासारखी बुद्धाची तसबीर. त्याचे वडील पुढे आले, धाकटी बहीण पाणी घेऊन आली. आई उंबऱ्यातच थांबली होती, हिशोब संपलेल्या माणसासारखी. मी चप्पल काढताना आत पाहिलं. सहा ताटं एकावर एक पालथी घातलेली, कोरडी. आणि स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. चार वाजता.

त्याची आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. माझ्यापेक्षा बुटकी, कपाळावर घाम. आईने विचारलं, तुमची जेवणं व्हायचीत का अजून. ती म्हणाली, “पाहुणे उपाशी आभाळात, अन् आम्ही जेवावं व्हय?”

मग तिने सगळं सांगितलं, आईला हाताला धरून आत नेता नेता. येतं त्या दिवशी विमान एकच येतं. ते डोक्यावरून गेलं की ती तवा ठेवते. धावपट्टीवरून घरी यायला जेवढा वेळ, तेवढ्यात पहिल्या चार भाकरी होतात. मुलगा सुट्टीला येतो तेव्हाही असंच. आज बारापासून पीठ परातीत काढून ठेवलं होतं. दर खेपेला आकाशात काही वाजलं की ती अंगणात यायची. दोनदा ट्रक निघाला, एकदा शेजाऱ्यांची पिठाची गिरणी. धाकट्या मुलीला भूक लागली तर तिलाही चणे देऊन बसवलं होतं, ताट दिलं नव्हतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. भाकरी तव्यावर फुगली होती. आईने पदर खोचला, पाटावर बसली आणि दुसरा गोळा हातात घेतला. दोघी बायकांनी मिळून भाकऱ्या केल्या, एकीने थापायच्या, दुसरीने शेकायच्या, आणि मी दारात उभी राहून बघत राहिले. मला आत जायचं होतं आणि मला जागा नव्हती.

साडेचारला आम्ही सगळे जेवायला बसलो. झणझणीत वांगं, ज्वारीची भाकरी, ठेचा. पप्पांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुऊन आई ओट्याशी आली, पदराला हात पुसले आणि त्याच्या आईला म्हणाली, “दुपारचं जेवण छान झालं.”

पप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला पाच कमी होते. त्यांनी तोंड उघडलं, आईने त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि त्यांनी सुपारी मागितली.

ते विमान पुढे बंद पडलं. आई मला भेटायला रेल्वेने यायची, बारा तास, कधी तेरा. त्यावर ती कधी कुरकुरली नाही. पण अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं, एवढ्या लांब दिली मुलगी, पोचायला किती वेळ लागतो हो, तर आयुष्यभर खोटं न बोललेली माझी आई न अडखळता सांगायची, “काही नाही हो. सकाळी चहा घेऊन निघायचं, दुपारी जेवायला तिथे. ते थांबतात आपल्यासाठी.”